मालक बदलला, भाडेकरू तोच

इमारत विकली म्हणून भाडेकरू बेघर होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०९ नुसार जुन्या मालकाचे हक्क नव्याकडे जातात. विक्रीची कल्पना नसताना जुन्याला दिलेलं भाडं नव्याला पुन्हा द्यावं लागत नाही. मुंबईतल्या पागडीच्या घरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण आहे: वर्षाला ४ टक्के भाडेवाढ (कर आणि सुधारणांचा खर्च वेगळा), पावती देणं बंधनकारक, सबळ कारणाविना पाणी-वीज तोडणं गुन्हा.

खरी मेख पावतीत आहे. काही नवे मालक भाडं घ्यायचंच टाळतात, म्हणजे पावतीही मिळत नाही, आणि नंतर थकबाकीचा दावा लावतात. अशा वेळी भाडं मनीऑर्डरने पाठवावं. ती नाकारली गेली, तरी टपालाचा नकाराचा शेरा असलेला कागद पुरावा म्हणून फायलीत लावून ठेवावा.