कड्याचा छंद

जालन्याच्या माणसाला कडा म्हणजे काय ते दाखवावयाचे तर त्याला दौलताबादला न्यावे. तेथील डोंगर भोवताली असा तासून काढला आहे की, सरड्यालाही पाय रोवता येऊ नये. कडा म्हणजे शत्रूला अडविणारी भिंत, ही आपल्याकडची जुनी समजूत. आणि तो कोणी चढलाच तर त्यामागे काही कार्य असे. १६७३ साली कोंडाजी फर्जंद साठ निवडक गडी घेऊन रात्री पन्हाळ्यावर चढला, तो गड घेण्यासाठी. रायगडाची हिरकणी, आख्यायिका खरी धरली तर, घरी तान्हे मूल होते म्हणून कडा उतरली. पण गड घ्यावयाचा नाही, मूल रडत नाही, वर धोंड्यावाचून काही मिळावयाचे नाही, आणि तरीही एखादा जिवावर उदार होऊन चढतो, त्याला काय म्हणावे?

असा एक गृहस्थ वॉल्टर पॅरी हॅस्केट स्मिथ. जन्म १८५९. ऑक्सफर्डला शिकला, बॅरिस्टर झाला, पण वकिली केली नाही. (घरची सुबत्ता असल्यावाचून असले छंद निभत नाहीत, हेही सांगून टाकलेले बरे.) १८८१ साली तो इंग्लंडच्या उत्तरेस सरोवरांच्या मुलुखात, वॉस्डेल हेड या खेड्यात, मित्रांबरोबर अभ्यासासाठी जाऊन राहिला. अभ्यास किती झाला ते असो. डोंगर मात्र त्याला कायमचे चिकटले. आल्प्सच्या मोठ्या शिखरांपूर्वीची तालीम म्हणून हे खडक चढणारे लोक होते. खडकावर चढणे हेच स्वतंत्र सुख आहे, हे मनापासून मानून वागणाऱ्या पहिल्या काही मंडळींत हा होता.

ग्रेट गेबल नावाच्या डोंगराच्या कुशीला एक सुळका आहे, नेप्स नीडल. उंची अवघी साठेक फूट. आपल्या सह्याद्रीतल्या सुळक्यांपुढे पोरच! १८८६ च्या जूनअखेर हॅस्केट स्मिथ तेथे एकटाच गेला. दोर नाही, सोबती नाही. माती-गवताने बुजलेल्या एका भेगेतून तो खांद्यापर्यंत पोहोचला. वर राहिला एक प्रचंड धोंडा. त्याचा माथा सपाट आहे की निमुळता, हे खालून दिसेना. तेव्हा त्याने चपटे दगड वर भिरकावून पाहिले. एक दगड वर टिकला. म्हणजे माथा सपाट, टेकावयास जागा आहे! या पुराव्यावर तो चढला, रुमाल वर ठेवला आणि आल्या वाटेने उतरला. चढताना हाताची पकड डोळ्यांसमोर असते; उतरताना पाय आंधळ्यासारखे चाचपडतात. त्या दिवसाची खरी परीक्षा मला उतरण्यातच दिसते.

पुढे या सुळक्याची छायाचित्रे निघाली. १८९१ साली लंडनच्या एका दुकानात असले चित्र पाहून ओवेन ग्लिन जोन्स नावाचा तरुण शिक्षक वेडावला आणि नामांकित आरोहक झाला. १८९९ साली आल्प्समध्ये डाँ ब्लांशवर तो पडला. एका दोरास बांधलेल्या पाचांपैकी चार गेले. वरचा माणूस निसटला, आणि दोराने बाकीच्यांना ओढून नेले. मधला दोर तुटला म्हणून पाचवा वाचला! नुसता दोर कमरेला बांधला म्हणजे रक्षण झाले, असे नाही. तो खडकाशी पक्का अडकवावा लागतो, हे शास्त्र नंतर पिकले.

आपल्याकडे सह्याद्रीचा खडक लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजतो आणि मध्ये गवताळ पायऱ्या पडतात. असे गवत पकडून जो विसंबला तो फसला. मुंबईत १९५४ साली गिरिविहार संस्था निघाली. २०१६ साली तर नवी मुंबईत प्रस्तरारोहणाची विश्वचषक स्पर्धा झाली, तीही कृत्रिम भिंतीवर.

हॅस्केट स्मिथ आरंभी दोराला शिडी-खिळ्यांच्या पंक्तीत बसवी. कच्च्या माणसाला नको तेथे नेणारे साधन, असे त्याचे मत. १९३६ च्या ईस्टरला, पहिल्या चढाईच्या पन्नासाव्या वर्षी, शहात्तर वर्षांचा हा म्हातारा पुन्हा त्याच सुळक्यावर चढला. भोवती शेकडो लोक जमले होते. या खेपेस तो दोघा आरोहकांच्या मध्ये होता, आणि कमरेला दोर होता.