नाव ख्रिस्ती, भाषा मराठी, मग आम्ही परके कसे?

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला कोपर्निकस मार्ग म्हणतात. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह आणि जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ मध्ये नवे सदन उभे राहिले, तरी जुन्या दिल्लीकर मराठी माणसाच्या तोंडी 'सदन' म्हणजे हेच. परमुलखात राहणाऱ्या माझ्यासारख्याला या भागात मराठी शब्द कानावर पडला की बरे वाटते. गप्पा सुरू होतात. गाव कोणते? वसई. वा! आणि नाव? नाव सांगितले की क्षणभर शांतता, आणि मग हमखास ठरलेला प्रश्न, "अहो, पण तुम्ही मराठी इतके छान कसे बोलता?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हे मला कळते. पण आयुष्यभर किती वेळा उत्तर द्यायचे? १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत अनेकांचे धर्म बदलले, धर्माबरोबर आडनावे बदलली. भाषा मात्र बदलली नाही. आमच्याकडच्या सामवेदी ख्रिस्ती घरांत आजही कादोडी बोली ऐकू येते आणि जुन्या बायका तांबडे लुगडे नेसत. त्यांना मराठीपणाचा दाखला कोणी द्यायचा?

ज्याचे नाव या रस्त्याला आहे तो कोपर्निकस स्वतः चर्चच्या सेवेत होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे सांगणारे त्याचे पुस्तक १५४३ मध्ये निघाले आणि १६१६ मध्ये रोमच्या धर्मपीठाने त्यावर बंदी आणली. त्याच १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले. ओवीबद्ध, मराठीत, आणि तेही जन्माने इंग्रज असलेल्या धर्मगुरूने लिहिलेले! एकच चर्च, एकच साल. म्हणून आमच्या धर्माविषयी कोणी सरसकट चांगले बोलले किंवा सरसकट वाईट बोलले, तरी मला दोन्ही खोटेच वाटते.

आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो असेच मराठीच्या प्रेमात पडलेले. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. 'सुबोध बायबल' या त्यांच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या अकादमीचे रवींद्र भवनही याच मंडी हाऊसच्या चौकात आहे. वसईच्या बागा आणि विहिरी वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीतर्फे ते रस्त्यावर उतरले. टँकरने पाणी उपसणाऱ्यांशी आणि बिल्डरांशी वैर घेतले. तेव्हा त्यांच्याबरोबर मोर्च्यात चालणाऱ्यांत हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. विहीर आटते तेव्हा ती कोणाची जात विचारत नाही.

इतके करूनही २०१९ मध्ये त्यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा गदारोळ उठला. धर्मप्रसारक अध्यक्ष कसा चालेल, असे विचारले गेले. धमक्यांचे फोन आले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनी उस्मानाबादला जाऊ नये, असेही त्यांना कळवण्यात आले. महानोर गेले. पाठीच्या दुखण्याने बेजार असलेले फादरही जानेवारी २०२० मध्ये गेले आणि झुंडशाहीविरुद्ध बोलले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले.

मला अधिक बोचले ते आमच्याच माणसांचे बोलणे. "फादरांनी राजकारणात कशाला पडायचे? उगाच आपल्यावर संकट." हे मी मोबाइलवरच्या गटांत वाचले आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकले. एरवी निवडणूक जवळ आली की उमेदवार नाताळच्या शुभेच्छांचे फलक लावतात आणि आम्ही कौतुकाने त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतो. ते राजकारण नव्हे काय?

अशी घुसमट कवी नारायण वामन टिळकांचीही झाली होती. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तांनी दूर लोटले, पत्नी लक्ष्मीबाईंपासून ताटातूट झाली. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या. पण टिळकांना चर्चमधला परकीय थाटही रुचेना. त्यांनी भजने रचली, कीर्तने केली आणि अखेर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले.

टिळकांना खुपला तो परकीय थाट. आजच्या भिंती आम्ही स्वतः घातलेल्या आहेत. धर्म बदलला तरी जात सोबत आलीच. सोयरीक जुळवताना वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद आजही पाहिले जातात. अहिल्यानगर, जालन्याकडच्या दलित ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट तर याहून कठीण. गावाच्या लेखी ते पूर्वीचेच, सरकारच्या लेखी मात्र ते दलित नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले, ख्रिस्ती बाहेर राहिले. ही धर्माची अट काढावी, असे रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये सुचवले. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. २००४ ची याचिका ज्या सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली, ते मंडी हाऊसहून भगवानदास रोडने पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

या मागणीच्या निवेदनावर सह्या घ्यायला आमच्यातलेच प्रतिष्ठित लोक येतात. मी आनंदाने सही करतो. फक्त कागद परत देताना विचारतो, "आपल्या चर्चच्या समितीत या समाजाचे किती जण आहेत?" बहुतेक जण घड्याळाकडे पाहतात. एका गृहस्थांनी मात्र प्रामाणिकपणे सांगितले, "एकही नाही." त्यांना मी बसवून घेतले आणि चहा ठेवला.