'विशेष लक्ष' ते 'गॅरंटी': मराठवाड्याला दिलेल्या शब्दांचा हिशेब

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीवाटपाचे एक कलम होते. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, असे त्यात मोजता येईल अशा भाषेत लिहिले होते. मराठवाड्याचा मागासलेपणा पाहता त्याकडे मात्र 'विशेष लक्ष' द्यायचे होते. किती, कधीपर्यंत, कोणी द्यायचे, याचा उल्लेख नव्हता. हा काही पक्षाचा जाहीरनामा नव्हे. तरी जालन्यात बसून जाहीरनामे वाचताना तेच कलम पुन्हा पुन्हा आठवते. हातात पैसे द्यायचे असले की आकडा येतो. पाण्याची, कालव्याची पाळी आली की 'प्राधान्य देऊ', 'कटिबद्ध आहोत' सुरू होते.

आकड्याचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. १९९५ च्या शिवसेना-भाजप युतीची एक रुपयातली झुणका-भाकर घ्या. केंद्रे उघडली ती लोकांना दिसली, पुढे बंद पडली तीही दिसली. २००४ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज दिली आणि पुन्हा निवडून आल्यावर ती काढून घेतली. फसवणूक झाली, पण ती सिद्ध करता आली.

पाण्याचे तसे नाही. २०१९ च्या भाजपच्या संकल्पपत्रात पाच वर्षांत दुष्काळमुक्त महाराष्ट्राचे वचन होते. मुदत होती, पण दुष्काळ संपला हे कशावरून ओळखायचे, टँकर किती घटल्यावर, विहिरींची पातळी किती वाढल्यावर, ते नव्हते. २०१२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे जपलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. ज्याने ते पाहिले त्याला 'दुष्काळमुक्त' हा शब्द सभेत टाळ्या घेणारा शब्द म्हणून ऐकवत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा, म्हणजे आपल्या आठपैकी पाच तालुके होते. मधली अडीच वर्षे सत्ता महाविकास आघाडीकडे होती, हे खरे. त्यांनीही पाण्याचा हिशेब मांडला नाही.

२०२४ च्या विधानसभेला महायुतीने 'लाडकी बहीण' योजनेत महिन्याला दीड हजाराचे २१०० करतो म्हटले, महाविकास आघाडीने 'महाराष्ट्रनामा' या आपल्या जाहीरनाम्यात ३००० देतो म्हटले. कर्जमाफीबाबत आघाडीने तीन लाखांची मर्यादा लिहिली. महायुतीच्या दहा वचनांत कर्जमाफी होती, मर्यादा नव्हती, तारीखही नव्हती. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० आले नाहीत, आणि त्याच महिन्यात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीककर्ज ३१ मार्चपर्यंत भरा, असे शेतकऱ्यांना सांगितले.

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून पेटलेल्या मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर तर भाषा आणखी जपून वापरायला हवी होती. आघाडीने ५० टक्क्यांची मर्यादा हटवण्याची भाषा केली. ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली. राज्यातले सरकार ती एकट्याने उठवू शकत नाही. जे आपल्या हातात नाही ते आपल्या वचनांच्या यादीत घालणे मला सर्वांत गंभीर वाटते, कारण त्यावर पोरांनी आयुष्याचे बेत बांधले आहेत.

अशा वचनांना लगाम कोण घालणार? सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ च्या सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात जाहीरनाम्यातली आश्वासने भ्रष्ट आचरण ठरत नाहीत असे म्हटले, पण निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. त्यानुसार आश्वासनामागचे कारण आणि पैसा कोठून आणणार, हे पक्षांनी ढोबळपणे का होईना सांगणे आचारसंहितेत अपेक्षित आहे. पाळले नाही तर मते मागण्यापासून कोणी रोखत नाही.

म्हणून पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्याचा जाहीरनामा हातात घ्या. पाण्याचे पान उघडा आणि वर्ष, रक्कम, जबाबदार खाते ही तीन उत्तरे त्याच्याकडून त्याच पानावर लिहून मागा.