हवेचा हातोडा

सुताराला खिळा ठोकताना तुम्ही पाहिलेच असेल. पहिला ठोका हलका, खिळा उभा राहण्यापुरता. मग पाचसहा जोरदार ठोके, की खिळा लाकडात गडप! हेच काम एका ठोक्यात करणारे एक यंत्र आहे. त्याला ‘नेल गन’ म्हणतात. अमेरिकेत पुष्कळ घरांचा सांगाडा लाकडी वाशांचा असतो. तो ठोकायला हे यंत्र वापरतात. आपली घरे विटांची आणि काँक्रीटची. म्हणून आपल्याकडे ते मुख्यतः लाकडी खोकी, पॅलेट आणि फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यांत दिसते. नाव बंदुकीचे असले तरी तिच्यात दारू नसते. असते ती फक्त दाबलेली हवा.

हवेत एवढे बळ येते कोठून? एक सोपा प्रयोग करा. सायकलच्या पंपाचा दांडा वर ओढा, हवेचे तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दांडा खाली दाबा. आता दांडा सोडा. तो उसळून वर येतो. तुम्ही केलेले कार्य हवेत ऊर्जेच्या रूपाने साठले होते. संधी मिळताच ते परत मिळाले. नागपूर जिल्ह्यात मनसर, गुमगाव येथील मँगनीजच्या भूमिगत खाणींत खडकाला भोके पाडणारी यंत्रेही अशाच हवेवर चालतात.

थोडे गणित

नागपूरजवळ वाडीला महामार्गावर ट्रकच्या चाकात हवा भरतात, तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोग्रॅम असतो. नेल गनला साधारण एवढाच दाब लागतो. तिच्या नळकांड्यातील दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दट्ट्यावर २० × ७ = १४० किलोग्रॅम वजनाइतके, सुमारे १४०० न्यूटन बल पडते. दट्ट्या १२ सेंटिमीटर सरकला, तर कार्य झाले १४०० × ०.१२ = १६८ ज्यूल. घर्षणात आणि हवा आत शिरण्यात काही ऊर्जा वाया जाते. तरी १०० ज्यूल हाती लागतात असे समजू.

आता हातोडी पाहा. अर्ध्या किलोची हातोडी सेकंदाला ८ मीटर वेगाने आदळली, तर तिची गतिज ऊर्जा ½ × ०.५ × ८ × ८ = १६ ज्यूल. म्हणजे गनचा एक ठोका हातोडीच्या सहा ठोक्यांबरोबर. सुताराचे पाचसहा ठोके आपल्या गणितात बरोबर आले!

चाप ओढला की वरची झडप उघडते, हवा दट्ट्यावर कोसळते आणि दट्ट्याला जोडलेली पोलादी पट्टी खिळ्याला लाकडात ढकलते. दट्ट्या खाली येताना थोडी हवा बाजूच्या कप्प्यात शिरते. चाप सोडल्यावर तीच त्याला पुन्हा वर नेते.

निवड कशी करावी?

आधी काम पाहावे, मग यंत्र. वासे जोडायला ५ ते ९ सेंटिमीटर लांबीचे खिळे लागतात. पातळ फळ्यांना लहान गन पुरते. खिळे पट्टीत तिरपे बसवलेले असतात. पट्टीचा कोन प्रत्येक गनचा ठरलेला असतो, म्हणून एका गनचे खिळे दुसरीत चालतीलच असे नाही.

मग काँप्रेसर. आपल्या गणितातील गन दर खिळ्याला बाहेरची सुमारे २ लिटर हवा खाते. मिनिटाला १५ खिळे ठोकले, तर ३० लिटर. बाजारात काँप्रेसरची क्षमता मिनिटाला किती घनफूट, अशी सांगतात. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. गळती आणि घाईचे क्षण धरून गरजेच्या निदान दुप्पट क्षमता घ्यावी.

स्लॅबखालच्या सेंट्रिंगसाठी मात्र सावध राहावे. त्या फळ्या पुढे उकलायच्या असतात. गनचे काही खिळे चिकट लेपाचे किंवा कंगोरे असलेले असतात. घर्षण वाढल्याने ते उपटताना फळीच फाटते. तेथे साधी हातोडी आणि डोके बाहेर राखलेला खिळाच बरा.

थांबलेली ऊर्जा

हातोडी खाली ठेवली की तिची ऊर्जा संपते. गन खाली ठेवली तरी नळीतील हवा तशीच दबलेली असते. सगळा धोका या एका फरकात आहे. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात अशा गनच्या जखमांसाठी दरवर्षी सरासरी ३७ हजार लोकांना तातडीच्या विभागात जावे लागले.

गनचे नाक लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटू नये, अशी योजना असते. पण चाप दोन प्रकारचे असतात. एकात चाप धरून ठेवून नाक टेकवत गेले, की खिळे सुटत जातात. येथे न्यूटनचा तिसरा नियम आठवा. खिळा पुढे गेला की गन मागे उसळते, परत टेकते, आणि नको असलेला दुसरा खिळा सुटतो! दुसऱ्या प्रकारात आधी नाक टेकवावे लागते, मग चाप ओढावा लागतो, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडावे लागतात. पहिल्या प्रकारात इजेचा धोका सुमारे दुप्पट असतो, असे अमेरिकी सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. म्हणून दुसराच निवडावा, काम थोडे हळू झाले तरी चालेल.

अडकलेला खिळा काढण्यापूर्वी हवेची नळी सोडवावी. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर आच्छादन असावे. दुसरा हात नाकापासून दूर ठेवावा. काँप्रेसरच्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी साचते. ते रोज काढून टाकावे. ऑक्सिजनचे सिलिंडर मात्र कधीही जोडू नये, स्फोट होतो.

आता तुम्ही सांगा: दट्ट्याचा व्यास ५ ऐवजी ६ सेंटिमीटर केला, तर त्याच दाबाला बल किती होईल? उत्तर काढले की समजेल, यंत्र किंचित मोठे झाले तरी हाताशी ठेवलेली ऊर्जा किती वाढते, आणि तिला जपून का वापरावे.