वर्णहीन बालक आणि शाळा

क्वचित एखाद्या शाळेच्या पटावर असे मूल दाखल होते की, ज्याची कातडी जन्मापासून गुलाबी-पांढुरकी, केस पांढरट किंवा पिवळसर आणि डोळे फिकट असतात. आईबाप सावळे, भावंडे सावळी, मग हे एकच मूल असे का, याचा उलगडा न झाल्याने गावात नाना तर्क निघतात. कोणी त्यास कोड समजतो, कोणी महारोग समजतो, तर कोणी आईने ग्रहण पाळले नाही असा दोष तिच्या माथी मारतो. यांपैकी एकही समजूत खरी नाही. या स्थितीस वर्णहीनता म्हणतात.

कातडी, केस व डोळे यांना रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य शरीरातच तयार होते. वर्णहीन बालकाच्या शरीरात ते फार थोडे तयार होते किंवा मुळीच होत नाही. वर्णहीनतेच्या बहुतेक प्रकारांत सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही यावे लागते. दोघांनाही स्वतःस काहीच बाधा नसते. परंतु त्यांच्या प्रत्येक अपत्यास वर्णहीनता येण्याचा संभव चारांत एक इतका असतो. मामेबहिणीशी विवाहासारख्या नात्यातील संबंधांमुळे हा संभव वाढतो. तेव्हा एकट्या आईस बोल लावणे सर्वथा अन्यायाचे होय. कोड हे जन्मानंतर डागाडागांनी उमटते. वर्णहीनता जन्मतःच सर्वांगास असते. दोन्हींपैकी एकही स्पर्शाने पसरत नाही. महारोग तर जंतूंमुळे होणारा आणि औषधाने पूर्ण बरा होणारा निराळाच रोग आहे.

अज्ञान तसेच राहू दिल्यास ते कोणत्या थरास जाते, हे आफ्रिकेच्या पूर्व भागात दिसून आले. युरोपात सुमारे सतरा ते वीस हजारांत एक मनुष्य वर्णहीन असतो. टांझानियात हे प्रमाण सुमारे चौदाशेंत एक मानले जाते. अशा माणसाच्या शरीराचा अवयव धनलाभ करून देतो, या मांत्रिकांनी पसरविलेल्या समजुतीपायी २००६ नंतरच्या काही वर्षांत तेथे अनेकांचे, त्यांत लहान मुलांचेही, खून व अंगच्छेद झाले. शासनाने पुष्कळ मुलांना संरक्षणासाठी निवासी शाळांत हलविले. जीव वाचले, पण मुले आईबापांना अंतरली. जानेवारी २०१५ मध्ये तेथील शासनाने परवाना नसलेल्या मांत्रिकांवर बंदी घातली. उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग हा तेथील वर्णहीनांचा दुसरा शत्रू. त्यावर उपाय म्हणून मोशी येथील त्वचारोग केंद्रात उन्हापासून रक्षण करणारे मलम तयार करून वर्णहीन लोकांना पुरविले जाते.

हे दूर देशीचे वृत्त म्हणून सोडून देता येणार नाही. पायाळू माणसास गुप्तधन दिसते, ही समजूत महाराष्ट्रातलीच आहे. शरीराच्या किंवा जन्माच्या वेगळेपणास चमत्कार मानले की, त्या माणसाचा जीव धोक्यात येतो. दोन्हीकडे मूळ एकच. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. गुप्तधनासाठी केलेले अघोरी कृत्य हा त्याखाली गुन्हा असून त्यास सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. अशा प्रकाराची कुणकुण लागताच शिक्षकाने पोलीस ठाण्यास कळवावे.

वर्गात मात्र वर्णहीन बालकाची अडचण वेगळी आणि रोजची असते. त्याची बुद्धी इतरांसारखीच असते. दृष्टी तेवढी अधू असते. बुबुळे सारखी हलतात, उजेडाने डोळे दिपतात आणि चष्म्याने हा दोष पुरता जात नाही. फळा न दिसल्याने ते मागे पडते आणि मंद ठरविले जाते. येथे शिक्षकास पुष्कळ करता येते.

(१) त्यास पुढच्या रांगेत, खिडकीकडे पाठ येईल असे बसवावे आणि हवे तेव्हा फळ्याजवळ जाऊ द्यावे.

(२) फळ्यावर ठळक, मोठे अक्षर काढावे व लिहिताना मोठ्याने वाचावे.

(३) पुस्तक डोळ्यांशी धरल्याबद्दल किंवा मान वाकडी केल्याबद्दल रागावू नये. पुस्तक जवळ धरल्याने डोळे बिघडत नाहीत. मान कलती केल्याने बुबुळांची हालचाल कमी होऊन त्यास नीट दिसते.

(४) कवायत व खेळ सकाळी किंवा सावलीत घ्यावेत. लांब बाह्यांचा सदरा व रुंद काठाची टोपी घालण्यास सांगावे. खेळातून मात्र वगळू नये.

(५) रंगावरून चिडविण्यास पहिल्या दिवशीच आळा घालावा आणि खरे कारण सर्व वर्गास समजावून द्यावे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत वर्णहीनतेचे स्वतंत्र नाव नाही; परंतु क्षीणदृष्टी हा प्रकार आहे. चेंबूरसारख्या मुंबईच्या उपनगरातील पालकास नेत्रतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर मिळतो. खेड्यातील पालकास ही वाट शिक्षकानेच दाखवावी लागते. जिल्हा रुग्णालयात डोळे तपासून दिव्यांगत्व चाळीस टक्के वा अधिक ठरल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. परीक्षेत जादा वेळेची सवलतही मागता येते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये १३ जून हा वर्णहीनतेविषयी जागृतीचा दिवस ठरविला. महाराष्ट्रातील बहुतेक शाळा त्याच सुमारास उघडतात. नव्या वर्षाच्या पहिल्या पालकसभेत या विषयास दहा मिनिटे दिली, तर एखादे घरात लपवून ठेवलेले मूल शाळेत येईल.