बॅट हातात, बळ पायांत

कर्जत-खालापूर परिसरात भातकापणी आटोपली की मोकळ्या खाचरांत टेनिस चेंडूचे क्रिकेट रंगते. तेथील मूल सॉफ्टबॉलकडे वळते, ते टप्पा घेऊन येणाऱ्या चेंडूची सवय घेऊनच. सॉफ्टबॉलचा चेंडू मात्र टप्पा न घेता येतो. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत तर अवघ्या १३.११ मीटरवरून. केवळ हातांच्या जोरावर फिरवलेली बॅट त्याच्यापर्यंत बहुधा उशिराच पोहोचते.

फटका जमिनीपासून घडतो. पायांत खांद्यांहून किंचित अधिक अंतर, गुडघे सैल, भार मागच्या पायावर. पुढचा पाय लहानसे पाऊल टाकून स्थिरावला की कंबर वळते, तिच्यामागून खांदे आणि सर्वांत शेवटी हात.

शिकवतानाही असाच क्रम हवा. प्रथम स्टँडवर ठेवलेला स्थिर चेंडू, मग बाजूने हळुवार उडवलेला, अखेरीस समोरून फेकलेला. कोवळ्या वयात जडलेली चुकीची सवय पुढे मोडणे कठीण जाते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ परतत आहे. त्या ओढीने पालकांनी घाई करू नये. चेंडू किती दूर गेला यापेक्षा फटक्यानंतर मूल तोल सावरून उभे आहे का, हे आधी पाहावे.