पाहुणे आलेले वडील आणि पक्षाघात

गेल्या दिवाळीत वडील गावाहून आमच्याकडे चार दिवस राहायला आले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. तोंड वाकडे झाले, शब्द अडखळू लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वारं गेलं असेल, तेल चोळा." त्यात पाऊण तास गेला. मग आम्ही १०८ क्रमांकाला फोन केला.

डॉक्टरांनी पहिले विचारले, "त्रास किती वाजता सुरू झाला?" मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. पण रक्तस्राव असेल तर तेच घातक ठरते, म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. सुदैवाने आम्ही वेळेत पोहोचलो होतो.

दुसरा प्रश्न पैशांचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारी शिधापत्रिका गावी ट्रंकेत होती. अनामत भरण्यासाठी पत्नीने पाटल्या गहाण ठेवल्या. रात्रीच्या एस.टी.ने धाकटा भाऊ शिधापत्रिका घेऊन आला, तेव्हा आरोग्यमित्राने कागद पुढे सरकवले आणि भार थोडा हलका झाला.

नंतर कळले, रक्तदाबाच्या गोळ्या वडील गावीच विसरले होते. मुलाला खर्च नको म्हणून बोलले नाहीत.

आज ते काठी घेऊन चालतात, हात अजून अधू आहे. वाचकहो, आईवडील घरी आले की आधी दोन गोष्टी विचारा: गोळ्या आणल्यात का? आधार आणि शिधापत्रिका बरोबर आहे का? आणि तोंड वाकडे झालेच, तर तेलाची बाटली शोधू नका. घड्याळ पाहा आणि इस्पितळ गाठा.